पाच पानं होईपर्यंत

लेखिकाबाईंची सुट्टी ही काही साधीसुधी सुट्टी नव्हती. चारचौघं सुट्टीला जातात ती हातपाय पसरायला, आणि परत येतात ती कंबर धरून. लेखिकाबाई दरवर्षी तीन आठवडे तळ्याकाठच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि परत यायच्या त्या चेहऱ्यावर तेज आणि बॅगेत शंभर पानं घेऊन. लोकांना याचं मोठं नवल. एका मासिकाच्या संपादकांनी तर यंदा लेखच मागितला होता : सुट्टीत लेखकानं विश्रांती आणि लिखाण दोन्ही कसं साधावं? बाई म्हणाल्या, देते की.

खरं गुपित दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं. ते म्हणजे बाईंचा नवरा.

नवरा एका कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक कारकून होता. आलेला कागद घ्यायचा, उजव्या कोपऱ्यात वेळ घालायची, पुढे पाठवायचा. चांगला असो, वाईट असो, एकही कागद नाकारायचा त्याला अधिकार नव्हता. आता निवृत्त झाला होता, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. नळाला पाणी नाही एवढी चिठ्ठी लिहायची तरी त्याला अख्खा कागद लागे, डावीकडे समास लागे, आणि कोपऱ्यात वेळ तर लागेच लागे.

सुट्टीचे नियम बाईंनी केलेले आणि कारकुनानं भिंतीला चिकटवलेले. सहाला तळ्याभोवती फेरी. साडेसातला खोलीत. पाच पानं होईपर्यंत दारापलीकडे जगात काहीही घडलेलं नाही. मग जेवण, झोप, संध्याकाळी पुन्हा फेरी. बाईंचा फोन बंद करून कपाटात, कारकुनाचा चालू, पण बाहेर. अगदीच काही निकडीचं असलं तर दाराच्या फटीतून चिठ्ठी आत सरकवायची आणि गप्प बसायचं.

बाईंची आणखी एक खोड होती. कोऱ्या कागदाची त्यांना धास्ती वाटायची. कोरा कागद आपल्याकडे डोळे वटारून बघतो, असं त्या म्हणायच्या. म्हणून त्या कायम पाठकोऱ्या कागदांवर लिहीत. जुनी पत्रकं, वह्यांची फाटकी पानं, काहीही चाले. संध्याकाळी कारकून ती पानं घेऊन संगणकावर उतरवून काढी.

यंदा आल्या दिवशीच आतल्या खोलीच्या दाराची कडी निखळून हातात आली. बाई म्हणाल्या, "मालकांना सांगा बसवायला."

"कडी कशाला हवी?" कारकून म्हणाला. "मी आहे ना बाहेर!"

आणि तो होता, यात शंका नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं खोल्यांच्या मालकाला दोनदा, झाडूवालीला एकदा आणि बाईंची सही मागायला आलेल्या एका मास्तरणीला चांगला तासभर थोपवून परत पाठवलं. मास्तरीण काकुळतीला आली तेव्हा त्याला आतून गुदगुल्या झाल्या. एकतीस वर्षं जे करता आलं नाही, ते इथं रोज करायला मिळत होतं. नाही म्हणायला मिळत होतं.

आठव्या दिवशी सकाळी पाच मिनिटं कमी सव्वाआठला फोन वाजला. बाईंची धाकटी बहीण. गेली सहा वर्षं म्हातारे वडील तिच्याकडेच होते. थोरलीला पुस्तकं होती ना, म्हणून बाप धाकटीच्या वाट्याला.

"भाऊजी, ताईला द्या. बाबांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत टिकले तरी खूप. पहाटेपासून सारखं एकच चाललंय, थोरली कुठंय, थोरली कुठंय. नऊच्या बसनं निघालात तर बारापर्यंत पोचाल."

"हो हो, लगेच," कारकून म्हणाला. त्यानं अख्खा कागद घेतला, समास सोडला आणि लिहिलं : बाबा अत्यवस्थ. थोरली कुठंय म्हणून विचारताहेत. नऊची बस धरायला हवी. उजव्या कोपऱ्यात वेळ घातली, ८.१०. कागद न दुमडता फटीतून आत सारला आणि खुर्चीवर बसला.

आत खुर्ची एकदा करकरली. पाणी प्यायला उठली असेल, असं त्याला वाटलं. मग पुन्हा सामसूम.

पावणेनऊला धाकटीचा पुन्हा फोन. "निघालात?"

"चिठ्ठी आत दिलीय."

"चिठ्ठी?" धाकटी किंचाळलीच. "अहो भाऊजी, माणूस मरतंय इथं! दार उघडा आणि सांगा!"

"तिचं चालू आहे गं. मध्ये तोडलं तर तिला दिवसभर काही सुचत नाही. ती बघेल. बघितल्याबरोबर निघतो."

नऊची बस गेली. अकराला धाकटी रडत म्हणाली, "फोन तरी द्या तिच्याकडे. नुसतं 'बाबा' म्हणू दे. मी त्यांच्या कानाशी धरते." कारकून फोन घेऊन दारापर्यंत गेला. दारावर मारायला बोटं वळवली. मग दोन पावलं मागं आला आणि हळूच म्हणाला, "होतीलच आता पाच पानं."

बाई सव्वाला बाहेर आल्या. पाच नव्हे, सात पानं झाली होती. चेहरा कसा न्हाऊन निघाल्यासारखा. म्हणाल्या, "सपाटून भूक लागलीय."

"अगं, चिठ्ठी!"

"कसली चिठ्ठी?"

कारकुनानं सांगितलं. बाईंनी कपाटातून बॅग काढली. त्यानं आत डोकावलं तर दाराशी पायपुसणं होतं, जाड आणि मळकं. त्याखाली गेली असेल, असं तो म्हणाला. पायपुसणं उचलून बघायलाही कुणाला सवड नव्हती, दोनची बस गाठायची होती.

पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. वडील साडेबारालाच गेले होते. ओसरीवर नातेवाईक बसले होते. धाकटी उठली नाही, बसल्या जागेवरून म्हणाली, "ताई, सकाळी आठपासून तुला बोलावत होते ते. शेवटी माझाच हात धरून मला थोरली म्हणाले. मी हो म्हटलं."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी मान वळवली ती नवऱ्याकडे. म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही गं." आणि पदरात तोंड खुपसून रडू लागल्या. रडणं खरं होतं, त्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही.

"चिठ्ठी दिली होती," कारकून म्हणाला. "पायपुसण्याखाली गेली."

"आवक झाली, जावक झालीच नाही!" कोपऱ्यातून एक काका म्हणाले आणि दोन-चार जण त्या तसल्या घरातही हसले. बाईंची आत्या म्हणाली, "बायकोच्या ताटाखालचं मांजर बरं, ते निदान ओरडतं तरी." कारकुनानं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. सगळ्यांत शेवटी धाकटी आली. या माणसाशी तिचं कधी वाकडं नव्हतं. दरवर्षी ती त्याच्यासाठी हातानं विणलेला स्वेटर पाठवायची, आणि पोटी मूल नसलेल्या कारकुनाला तीच लेकीसारखी होती. ती म्हणाली, "भाऊजी, पुन्हा या घराची पायरी चढू नका. तुमचं तोंड बघितलं की मला तो अकराचा फोन आठवेल."

कारकुनाला तिथंच धरणी दुभंगली तर बरं, असं झालं. तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. सुतकाचे सगळे दिवस तो बसथांब्याजवळच्या लॉजमध्ये राहिला, आणि बाई घरात.

दोन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "राहिलेली सुट्टी पुरी करू या. पुस्तक अर्धवट टाकून चालत नाही." म्हणून दोघं पुन्हा तळ्याकाठी आले. सहाला फेरी, साडेसातला खोलीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी कारकून साचलेली पानं उतरवायला बसला. आठव्या दिवसाची सात पानं होती. पहिलं पान झालं. दुसरं हातात घेतलं आणि तो वाचू लागला. कादंबरीतला म्हातारा खाटेवर पडलेला, सारखा विचारतोय, थोरली कुठंय, थोरली कुठंय. धाकटी म्हणते, येतेय. आणि थोरली पोचते. धावत, चप्पल फाटकात टाकून, वेळेवर. बाईंनी आजवर इतकं सुंदर काही लिहिलं नव्हतं, हे त्या कारकुनालाही कळलं.

मग त्यानं पान उलटं केलं. मागं समास होता. त्याचं अक्षर होतं. कोपऱ्यात वेळ होती, ८.१०.

पायपुसण्याखाली काहीच गेलं नव्हतं. दुसरं पान! म्हणजे नऊच्या बसला अजून चांगला अर्धा तास होता तेव्हा.

बाई पलंगावर पडल्या होत्या, पण जाग्या होत्या. त्यानं कागद त्यांच्यासमोर धरला.

"हे तू वाचलं होतंस."

बाईंनी कागद पाहिला. लपवाछपवी केली नाही, तेवढा दिलदारपणा त्यांच्यात होता. "वाचलं होतं."

"मग उठली का नाहीस?"

"उठणारच होते. एवढं वाक्य लिहून उठू म्हटलं. मग पुढचं आलं." बाई उठून बसल्या. "इतकं आलं नव्हतं हो कधी. बाबा काही माझ्यामुळे थांबणार नव्हते. हे मात्र गेलं असतं."

"आणि तिथं सगळ्यांसमोर? मला कुणी सांगितलंच नाही म्हणालीस! धाकटीनं मला दार बंद केलं. मला!"

"मग काय सांगायचं होतं? घरच्यांनी मला तोडलं असतं तर मी पुन्हा ओळ लिहू शकले नसते. तुम्हाला काय लिहायचंय?"

एवढं ऐकल्यावर कारकुनाचं उरलंसुरलं भान सुटलं. "मी हा कागद नेऊन धाकटीला दाखवतो. आत्ताच्या आत्ता. तारीख नाही, पण वेळ आहे!"

"दाखवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "ती कागद बघेल. मला शिव्या घालेल. मग तुम्हाला एकच विचारेल, भाऊजी, दाराला कडी होती का?"

कारकुनानं दाराकडे पाहिलं.

"नुसतं ढकललं असतंत तरी उघडलं असतं. तुम्ही आत आला असतात, हात धरून मला ओढलं असतंत, तर मी आले असते. मी लिहीत होते. तुम्ही काय करत होतात पाच तास?"

काय करत होता? पहारा देत होता. जीव खाली-वर होत होता, हे खरं. पण अकराला धाकटी रडून विनवत असताना आपल्याला नाही म्हणता येतंय, याचं एक बारीकसं सुखही आत कुठं तरी होतं, हेही खरं. मास्तरणीच्या वेळी झालं तसंच. ते त्याला त्या क्षणी लख्ख आठवलं आणि स्वतःची शिसारी आली. तो कागद आता दुधारी झाला होता. धाकटीला दाखवावा तर आपलाही गळा चिरणार.

"बसा," बाई म्हणाल्या. "तेवढा मासिकाचा लेख संपवून टाकू. घ्या लिहून. सुट्टीत लेखकाला विश्रांतीही मिळते आणि हातून कामही होतं, पण त्यासाठी दाराबाहेर एक विश्वासाचं माणूस हवं."

कारकुनानं लिहून घेतलं. मग आठव्या दिवसाचं दुसरं पान उतरवून पहिल्याखाली ठेवलं आणि उरलेली पाचही उतरवून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. धाकटी. घराची पायरी चढू नका म्हटल्यानंतर पहिल्यांदाच.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज निवळला होता. "मी त्या दिवशी फार बोलले. तुम्ही असे नाही, हे मला माहीत आहे. राहून राहून वाटतं, तुम्ही उगाच कुणाचं तरी अंगावर घेताय. खरं सांगा. ताईला चिठ्ठी मिळाली होती ना?"

कारकुनानं डोळे मिटले. एक शब्द पुरे होता. एका शब्दात स्वेटर, पायरी, लेक सगळं परत मिळालं असतं. आणि त्या पाठोपाठ दुसरा प्रश्न आला असता.

"नाही," तो म्हणाला. "पायपुसण्याखालीच गेली होती."

धाकटी म्हणाली, "बरं. पण मग तुम्ही दार का नाही उघडलंत?"

तो प्रश्न आलाच. टाळूनही आला. कारकून इकडेतिकडे बघू लागला. भिंतीवर नियमांचा कागद होता. तोच वाचल्यासारखा तो म्हणाला, "पाच पानं व्हायची होती."

फोन बंद झाला. कारकुनानं अख्खा कागद घेतला. समास सोडला. लिहिलं : धाकटीचा फोन येऊन गेला. यापुढे येणार नाही. कोपऱ्यात वेळ घातली, ८.१०, आणि कागद फटीतून आत सरकवला. आत खुर्ची एकदा करकरली, म्हणजे तिनं तो उचलला.