शुभेच्छुक

ठाण्याच्या पुढे, आमच्या दिवा गावात नळाला पाणी येणं हीच बातमी असते. पण मी पालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरला आणि आमच्या इमारतीत न मागता टँकर यायला लागला. तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

माझ्यासमोर एकच अर्ज होता, भाईच्या वहिनीचा. भाई म्हणजे खुनाच्या खटल्यात जामिनावर सुटलेला माणूस. त्याच्या घरातलं कोणी उभं राहिलं की बाकीच्यांना अचानक गावच्या देवाची आठवण होते आणि ते अर्ज मागे घेऊन निघून जातात. मी घेणार नव्हते. पण माझ्या बाजूचं कोण फुटलंय तेच कळेना. माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही केलेला रत्नदीप फोन उचलेना. शेजारच्या जाईबाई एरवी वाटीभर साखर द्यायच्या नाहीत, त्या पोहे घेऊन आल्या आणि माझ्या मुलीच्या शाळेची वेळ विचारून गेल्या. पोहे मी खाल्ले नाहीत. सगळ्यांवर संशय घ्यायचा आणि त्याची लाजही वाटायची, असे दिवस चालले होते.

अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी स्टेशनबाहेर बॅनर लागला. 'वहिनीसाहेबांचे बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन!' आचारसंहितेत बॅनर चालत नाहीत, पण हा काढायची छाती कोणाची? मी अजून उभी होते आणि त्यांचं अभिनंदन झालंसुद्धा. खाली नेहमीसारखी शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. संतापाने एकेक तोंड बघत गेले. रत्नदीप नव्हता. जाईबाईंचा मुलगाही नव्हता. शेवटून दुसरा होता सहदेव, माझा नवरा.

त्याच्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा हात होता, मनगटापाशी कापलेला. तो हात माझा. बहिणीच्या लग्नातला तो फोटो आमच्या दोघांच्याच फोनमध्ये होता. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते. तिथेच, रिक्षावाल्यांसमोर मला रडू फुटलं.

घरी त्याने काही नाकारलं नाही. भाईची माणसं दुकानावर आलेली, मुलीचं नाव घेऊन बोलली, असं मान खाली घालून सांगत राहिला. मला त्याची कीव आली. भीती तर मलाही होतीच.

"मेघना, उद्या अर्ज मागे घे," तो म्हणाला. "तुझा पण फोटो मागितलाय त्यांनी. शुभेच्छुकांत टाकायला."

"फोटो नाही मिळणार म्हणावं," मी म्हटलं. "नाव वाचा, मशीनवर."

मग मी मुलीची बॅग भरायला घेतली. उजाडताच तिला शहाडला आईकडे सोडायचं होतं.