झाकणावरची वीट

मी धुराची भट्टी. खरं तर बोलणार नव्हते. बोलायला दम लागतो, आणि माझा दम बुडातल्या भोकांतून कधीच निघून गेलाय. पण एक गोष्ट मी तीस वर्षं पोटात ठेवली होती, ती काल दुपारी उघडी पडली. आता मला गप्प बसायचं कारण उरलं नाही. थोडं सांगते आणि थांबते.

जन्मानं मी खाद्यतेलाचा ड्रम. कारखान्यात भरायचे, दुकानांत रिकामी व्हायचे आणि पुन्हा ट्रकमध्ये आडवी पडून परत यायचे. एकदा कुणीतरी मला गोदामाच्या पायऱ्यांवरून गडगडत सोडलं. कडेला पोचा आला, मी रद्दीत निघाले आणि एका वेल्डरनं मला उचललं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणते.

मिस्त्रीनं आधी मला रिकामीच पेटवली. आतलं तेल आणि बाहेरचा रंग सगळं जळून गेलं. मग खाली हवेसाठी तीन भोकं पाडली, त्यांवर सरकते पत्रे बसवले, झाकणाला पाइपाचा तुकडा जोडून धुराडं केलं आणि तीन पाय लावले. गावभरच्या फाटकांना सुतात बसवणाऱ्या या माणसानं माझा एक पाय मात्र आखूड केला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेव्हापासून त्या पायाखाली फरशीचा तुकडा आहे.

माझं काम सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. तळाशी कोळसा, त्यावर फळझाडाची वाळलेली दोन-तीन लाकडं, मध्ये पाण्याची परात, वर जाळी आणि जाळीवर डुकराच्या खांद्याचा चार किलोचा तुकडा. त्याला आदल्या दिवशी मीठ, मिरी, मोहरीची पूड आणि साखर चोळलेली असायची. पहाटे पेटवायचं आणि दिवसभर नुसत्या धुरावर, मंद आचेवर ठेवायचं. झाकणावर पाण्याचा थेंब टाकला तर तो सावकाश आटायला हवा. नाचत पळाला तर समजायचं, जाळ वाढलाय. अकरा-बारा तासांनी मांस इतकं मऊ व्हायचं की हाड नुसतं ओढलं की सुटायचं. मग बोटांनी त्याचे धागे करायचे आणि पावात भरून खायचे.

यात एकच पथ्य. झाकण उघडायचं नाही. उघडलं की ऊब जाते, हवा शिरते, कोळसा भडकतो आणि मांस कोरडं पडतं. आणि मिस्त्रीला नेमकं तेच जमायचं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तासातासाला येऊन म्हणायचा, “नुसतं बघतो.” अरे बाबा, काय बघतोस? सकाळी ठेवलेलं मांस पळून जाणार आहे का?

त्याची बायको शाळेत शिकवायची. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मग मिस्त्रीही बाईच म्हणायला लागला. बाईंचा सगळा जन्म परीक्षेत पोरांवर पहारा करण्यात गेलेला. त्यांनी माझ्या झाकणावर एक वीट आणून ठेवली.

“ही हलली तर मला कळेल हं,” त्या म्हणाल्या.

“विटेला काय डोळे आहेत?” मिस्त्री हसला.

पण त्यांना खरंच कळायचं. त्या स्वयंपाकघरात गेल्या की हा हळूच वीट उचलायचा, आत डोकावायचा आणि वीट परत ठेवायचा. बाई दारात येऊन एकदाच बघायच्या.

“उघडलंत.”

“नाही हो बाई!”

“मिस्त्री, उघडलंत.”

हा कान पकडायचा आणि आश्चर्य करत बसायचा. गुपित साधं होतं. विटेचा एक कोपरा तुटलेला आहे. बाई तो कोपरा नेहमी स्वयंपाकघराच्या दाराकडे करून ठेवायच्या. मिस्त्री वीट ठेवायचा कशीही. लोखंडात केसाएवढा फरक ओळखणाऱ्याला विटेचा कोपरा कधी दिसला नाही.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते. दुपारी मांस अडून बसतं. आतून घाम सुटतो, त्या घामानं ते गार राहतं, आणि दोन-दोन, तीन-तीन तास त्याची उष्णता वाढतच नाही. जाळ वाढवून उपयोग नसतो, नुसतं थांबावं लागतं. मिस्त्रीला ते थांबणं सोसायचं नाही. बाई म्हणायच्या, “अहो, जा, पडा जरा. मी बघते.” तो जाऊन घोरायला लागला की बाई उठायच्या, वीट उचलायच्या, झाकण सरकवायच्या आणि लांब दांड्याच्या काट्यानं मागच्या बाजूची काळी, कडक, जवळजवळ करपलेली कड तोडून उभ्या उभ्या खायच्या! मऊ मांस त्यांना कधी फारसं आवडलंच नाही. लहानगी लेक शेजारी असायची, तिला एक तुकडा मिळायचा. “बाबांना सांगायचं नाही,” अशी ताकीदही मिळायची. मग वीट जागेवर यायची, कोपरा दाराकडे.

संध्याकाळी मिस्त्री बघायचा, तर मागची कड गायब. त्याला वाटायचं, जाळीला चिकटून जळून जाते. बिचाऱ्यानं माझी जाळी घासून घासून हाताची साल काढली. तीन वेळा नवी जाळी बनवली. तिसरी तर चांगल्या जाड सळ्यांची, वर्कशॉपला सुट्टी देऊन केली. बाई बाजूला बसून टॉर्च धरायच्या आणि म्हणायच्या, “मागच्या बाजूला जरा जास्त घासा.” मला तेव्हा फार हसू यायचं. लोखंडाला हसता येत नाही म्हणून निभावलं.

अशी वर्षं गेली. दिवसभर धूर, संध्याकाळी पाहुणे, त्यांची बोटं, त्यांची बडबड. शेजारचा शिंपी दर वेळी भिंतीवरून ओरडायचा, “माझ्या गिऱ्हाइकांच्या कोटांना वास लागतो!” आणि दोन पाव घेऊन गप्प व्हायचा. लेक मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली.

मग बाई आजारी पडल्या. वरच्या खोलीतून खाली येणं बंद झालं. एक दिवस त्या म्हणाल्या, “भट्टी पेटवा ना, खावंसं वाटतंय.” मिस्त्रीनं पहाटेच मला पेटवलं. त्या दिवशी विटेवर पहारा करायला कुणी नव्हतं, आणि त्याच्या जिवाला थारा नव्हता. वर जाऊन बाईंना बघायचा, खाली येऊन मला उघडायचा. मी मोजलं, अकरा वेळा. मांस कडकडीत कोरडं झालं. तो बशी घेऊन वर गेला. बाईंनी चार घास खाल्ले. उघड्या खिडकीतून मला त्यांचा आवाज आला, “आज अगदी मनासारखं झालंय.”

त्यानंतर आठ दिवसांनी बाई गेल्या.

मिस्त्रीला वाटलं, बाई त्याचं मन राखायला तसं म्हणाल्या. शेवटी मागितलं तेही आपण धड दिलं नाही, हे त्याच्या मनात रुतून बसलं. हे मला कसं माहीत? बाई गेल्यावर तो एकदा माझ्यापाशी आला, झाकणावर हात ठेवून म्हणाला, “अकरा वेळा उघडलं गं मी,” आणि आत गेला. मग दोन वर्षं त्यानं मला हात लावला नाही. मला लावला नाही ते चालेल, पण त्यानं ताटालाही लावला नाही. सकाळी चहा-बिस्किट, रात्री चहा-बिस्किट. पॅन्टच्या पट्ट्याला नवी भोकं पडत गेली. डॉक्टर म्हणाले, “आजार काही नाही. पण असंच न खाता राहिले तर हिवाळा निघणार नाही.”

मीही अंगणात गंजत पडले होते. बूड चाळणीसारखं झालं. आता भंगारवाला यावा आणि सुटका व्हावी, एवढंच मागत होते. खोटं कशाला बोलू, फार थकले होते.

परवा लेक आली. तिनं स्वयंपाकघर उघडलं, तर डब्यांत बिस्किटं सोडून काही नाही. ती खाटकाकडे गेली आणि खांद्याचा तुकडा घेऊन आली.

“मला नको,” मिस्त्री म्हणाला.

“तुम्हाला कोण देतंय? मला खायचंय,” लेक म्हणाली. आईची जीभ घेऊनच जन्मलीय.

काल पहाटे तिनं मला घासलं, बुडाला आतून पत्र्याचा तुकडा टाकला आणि पेटवलं. दोन वर्षांनी धूर पोटात गेला तर मलाच ठसका लागला. मिस्त्री दारात खुर्ची टाकून पाठमोरा बसला. पाठ केली तरी नाक कुठे नेणार? तासाभरानं तोंड न वळवताच म्हणाला, “डावीकडचं भोक अर्धं बंद कर.” लेकीनं केलं. तिनं मांसात खुपसायचा एक तापमापक आणला होता, त्याची तार झाकणाखालून बाहेर काढली होती. दुपारी ती म्हणाली, “बाबा, दोन तास झाले, आकडा एकाहत्तरवरून हलत नाहीये.”

“अडून बसलंय. थांबायचं.”

“मग जा, पडा जरा. मी बघते.”

तेच शब्द. मिस्त्री क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि आत गेला. लेकीनं पाच मिनिटं वाट पाहिली. मग वीट उचलली.

पण हल्ली त्याला दुपारची झोप येत नाही. तो पाण्यासाठी उठला आणि दारात येऊन उभा राहिला, तर लेकीच्या एका हातात वीट, दुसऱ्या हातात काटा आणि तोंडात घास.

“उघडलंस?” तो ओरडला. “झाक ते! झाक आधी! पुन्हा कोरडं होईल!” लेकीनं घाबरून झाकण लावलं. तो पायरीवरच बसला. “तिला शेवटचं कोरडं खायला घातलं मी. अकरा वेळा उघडलं होतं. आणि ती मला म्हणते, मनासारखं झालंय. पोरी, मला ते वाक्य गिळवत नाही.”

लेक त्याच्या शेजारी बसली. घास गिळून म्हणाली, “बाबा, आईला कोरडंच आवडायचं.”

“माझी समजूत घालू नकोस.”

“तुम्ही झोपलात की आई झाकण उघडून मागची कड खायची. दर वेळी. मलाही द्यायची. सांगणार नाही म्हणून कबूल केलं होतं, म्हणून इतकी वर्षं बोलले नाही.”

“बाई? झाकण उघडायची? अगं, मला बोलायची ती!”

“तुम्ही उघडलेलं तिला कळायचं कसं, माहितीये?” लेकीनं वीट त्याच्यापुढे धरली, तुटका कोपरा दाखवला, मग झाकणावर ठेवून तो दाराकडे वळवला. “हा असा असायचा. तुम्ही ठेवायचात कसाही.”

मिस्त्री विटेकडे बघत राहिला. मी श्वास धरून होते, जेवढा धरवतो तेवढा.

“मागची कड?” त्यानं हळूच विचारलं.

“मागचीच. दारातून दिसू नये म्हणून.”

“ती जाळीला चिकटत नव्हती?”

“नाही, बाबा.”

“मी तीन जाळ्या केल्या गं! तीन! ती टॉर्च धरून बसायची!”

आणि तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचेना. “चोराच्या उलट्या बोंबा!” तो आभाळाकडे बघून म्हणाला. “काय गं बाई, चोराच्या उलट्या बोंबा!” शिंप्यानं भिंतीवरून डोकं काढलं आणि तसंच खाली घेतलं.

हसून झाल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे मनासारखंच झालं होतं.” मग लेकीपुढे हात केला. “दे इकडे.” काट्यावर कडेचा काळा तुकडा राहिला होता. तो त्यानं तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिला.

संध्याकाळी मांस बाहेर काढलं. लेकीनं लगेच हात घातला तसा तो म्हणाला, “थांब जरा. शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, असं तुझी आई म्हणायची.” आणि स्वतःच बशीभोवती घिरट्या घालायला लागला. दोन पाव खाल्ले त्यानं. तिसऱ्यातला अर्धा शिंप्याला दिला, तोही जिवावर आल्यासारखा.

आज सकाळी राख काढायला मला कलती केली, तर माझं बूड सगळंच्या सगळं खाली पडलं. मला वाटलं, चला, सुटले. लेक म्हणाली, “बाबा, हिला भंगारात देऊ या का?”

मिस्त्रीनं माझ्या कडेवर बोट वाजवून आवाज ऐकला. “नवीन बूड लागेल. दिवसभराचं काम आहे,” तो म्हणाला. “आधी मला खायला दे काहीतरी. भूक लागलीय.”

दोन वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. तेव्हा मी माझं गाऱ्हाणं आवरतं घेते. थकलेय मी, खरंच थकलेय, पण त्याला दिवसभराचं काम आणि दुपारची भूक माझ्यामुळे मिळत असेल तर घालू दे बूड. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिचं झाकण उगाच उघडू नका. आणि घरातलं कुणी चोरून उघडत असेल, तर दिसूनही जरा झोपून राहा.

आत्ता मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा शोधायला आत गेलाय. जाताना त्यानं झाकण माझ्यावर ठेवलं, झाकणावर वीट ठेवली, दोन पावलं गेला आणि परत आला. तुटका कोपरा त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवला.