बेचाळीस थर

संग्रहालयातला काचेच्या झाकणाचा खण उघडताच व्हार्निशचा वास ब्लाझेनाच्या नाकात शिरला. काळ्या पाटीदगडाचे तुकडे बेकरीतल्या केकसारखे चकाकत होते. तिने एक उलटून पाहिला. पाठीवरचा पांढरा आकडा घासून साफ केलेला होता. दुसऱ्यावरचाही, तिसऱ्यावरचाही. बोटांना चिकट लागलं.

सव्वीस वर्षं ती बेरौन गावाजवळच्या उतारावर बोटाबोटाने थर सोलत आली होती. तुकडा सुटला की जागेवरच त्याच्या पाठीवर थराचा आकडा घालायचा, मगच डबा उघडायचा, हा तिचा नेम. दगडावर पेन्सिलीने ओढल्यासारखे दिसणारे हे ग्रॅप्टोलाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या इवल्या जीवांच्या दातेरी वसाहतींचे ठसे. तिने त्यातली एकच जात धरली होती. खालच्या थरांत ती सरळसोट, मधल्यांत जरा वाकलेली, वरच्यांत गोल वळलेली. बेचाळिसाव्या थरानंतर एकही नाही. जातीची सगळी कहाणी त्या आकड्यांत होती.

संचालक क्विडो ट्रन्का हसतच आत आले. पूर्वी नाट्यगृह सांभाळणारा माणूस, संग्रहालयात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. प्रदर्शनासाठी तुकडे त्यांनीच धुऊन, व्हार्निश लावून घेतले होते आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले होते. उत्क्रांती अशी एका नजरेत दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

“ही लहान आहेत ना, ती पिल्लं आहेत,” ब्लाझेना म्हणाली. “वरच्या थरातलीही असतील. तुम्ही नातवंडांना पणजोबांच्या जागी बसवलंत, साहेब.”

“बाई, काचेबाहेरून कोणाला कळतंय? तुम्हाला तर सगळं पाठ आहे. आठवतील तसे आकडे घालून टाका. उद्या पाहुणे यायचेत.”

तिला त्या माणसाची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण तिचा हात खरंच ब्रशकडे गेला होता. गोल दिसला की लिही चाळीस, वाकडा दिसला की लिही वीस. आधी आकारावरून थर ठरवायचा, मग थरावरून आकार बदलला म्हणून मिरवायचं. असली लबाडी तिने जन्मात केली नव्हती.

तिने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. संचालक समाधानाने निघून गेले.

दुपारपर्यंत तीनशे बारा तुकडे झाले. प्रत्येकाच्या पाठीवर, त्याच नेटक्या अक्षरात, तिने लिहिलं: थर माहीत नाही. शेवटचा तुकडा ती नेहमीप्रमाणे रंग वाळेपर्यंत तळहातावर धरून बसली.