दाराजवळचा बाक

बॅटरीकाकू वर्गात दाराजवळच्या बाकावर बसायच्या. बसायच्या म्हणजे टेकायच्या. अर्धं अंग बाकावर, अर्धं बाहेर आणि एक पाय कायम दाराच्या दिशेला. साठीला येऊन नाटक शिकायला कॉलेजात नाव घातलेली बाई अशी निघायच्या तयारीत का बसते, हे पोरांना कळेना.

काकू एका नाट्यगृहात डोअरकीपर होत्या. सगळी नोकरी तिथेच झाली. तिसरी घंटा होऊन अंधार झाला, की बॅटरीचा उजेड जमिनीवर पाडत उशिरा येणाऱ्यांना खुर्च्या दाखवायच्या. त्यात पहिला अंक जायचा. दुसरा भिंतीला पाठ लावून बघायला मिळायचा. तिसरा जरा रंगात आला, की बाहेर पळायचं, जिन्यातले दिवे लावायचे, फाटकाची कडी काढायची आणि पडदा पडायच्या आत दारं उघडून उभं राहायचं. काकूंना कितीतरी नाटकांचा मधला भाग तोंडपाठ होता, पण शेवट एकाचाही पाहिलेला नव्हता. तो त्या बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावरून ओळखायच्या. लोक हसत आले म्हणजे लग्न झालं. डोळे पुसत आले म्हणजे कोणीतरी गेलं. घड्याळ बघत आले म्हणजे नाटकच पडलं.

पुढे नाट्यगृह पाडलं आणि काकू घरी बसल्या. पण त्यांना बसवेना. बारावी बाहेरून कधीच झाली होती. एक दिवस गुपचूप जाऊन कॉलेजात नाव घालून आल्या. त्यांच्याकडेच राहणाऱ्या नणंदेने ऐकलं आणि हातातली भाजी खाली ठेवली.

"वहिनी, आयुष्यभर बॅटरी दाखवलीस, आता कॉलेजात जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

"नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं बघायचं, ते शिकणार आहे."

"त्याला तिकीट पुरतं की गं!"

तिकीट काढूनही झालं होतं. पुढच्या रांगेत कोणीतरी चाचपडायला लागलं आणि काकू उठल्या, त्या पुन्हा खुर्चीवर आल्याच नाहीत. हे त्यांनी नणंदेला सांगितलं नाही. उगाच आयतं कोलीत कशाला द्या!

वर्गातही तेच. कोणी उशिरा डोकावलं, की काकू उठून, थोडं वाकून, तळहात जमिनीकडे धरून त्याला रिकाम्या बाकापर्यंत पोचवायच्या. पोरं मुद्दाम उशिरा यायला लागली. तेवढं सरांनी हसून सोडून दिलं. पण तास संपत आला, की सरांचा आवाज जरासा खाली यायचा. ती चाहूल लागली की काकूंचे डोळे दाराकडे वळायचे. बाहेरचे दिवे राहिले, कडी राहिली, लोक दारात अडकतील! मग त्या उठायच्या आणि दार सताड उघडून बाजूला उभ्या राहायच्या. दार उघडलं की अख्खा वर्ग उठायचा आणि सरांचं शेवटचं वाक्य तसंच लोंबकळत राहायचं.

सर काकूंच्या मुलाच्या वयाचे, स्वभावाने मऊ. पण शेवटी तेही चिडले.

"काकू, माझ्या शेवटच्या वाक्याशी तुमचं काय वैर आहे?"

"नाही हो सर, सवय आहे ती."

"तुमची सवय माझा तास मोडते. आता एकदा जरी उठलात, तर या वर्गात पुन्हा बसू नका. मनावर घ्या."

काकूंनी इतकं मनावर घेतलं, की दोन घास गिळवेनात. नणंद म्हणाली, "हाकललं की काय?" काकू म्हणाल्या, "अजून नाही."

पुढच्या तासाला सरांनी एका नाटकाचा तिसरा अंक वाचायला काढला. बापाने घराबाहेर काढलेल्या मुलीचं नाटक. काकूंच्या नाट्यगृहात ते वर्षानुवर्षं चाललं होतं. दुसऱ्या अंकात मुलगी दार ठोठावते आणि बाप आत कानांवर हात ठेवून बसतो, ते बघताना काकूंनी भिंतीचा रंग नखांनी खरवडला होता.

"शेवट कोणाला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

काकूंचा हात वर गेला. "मुलगी मरते."

"कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही. लोक रोज रडत बाहेर यायचे ना."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "बसा तर मग," एवढंच म्हणाले.

काकू दाराजवळून उठल्या आणि थेट खिडकीकडे, जाड चष्म्याच्या एका मुलीपलीकडे जाऊन बसल्या. "कोपर धर माझं. घट्ट. मी उठले तर ओढ."

"काकू, तुम्ही मलाच घेऊन जाल."

"खाऊन येत जा मग. धर आता."

सर वाचू लागले. मध्येच एकजण उशिरा आला आणि सवयीने दारात काकूंची वाट बघत थांबला. काकूंचे गुडघे उचलले गेले. चष्मेवालीने ओढलं. तो आपला आपण बसला, कुठेही न धडपडता. मग सरांचा आवाज खाली आला. काकूंचे पाय बाकाखाली चुळबुळ करू लागले, हात पिशवीत जाऊन जुन्या बॅटरीचं बटण दाबू लागला. दिवे राहिले. कडी राहिली. दार तर तिकडे दूर, बंद!

नाटकातला बाप आता म्हातारा झाला होता. दार लोटून घ्यायचा, पण कडी लावायचा नाही. एका दुपारी मुलगी आत आली आणि उंबऱ्यापाशीच उभी राहिली. म्हणाली, भूक लागलीय. बापाने वरही पाहिलं नाही. "हात धुऊन घे," म्हणाला.

सरांनी पुस्तक मिटलं.

सगळे खिडकीकडे वळून काकूंकडे बघू लागले. काकू जागेवरच होत्या.

"म्हणजे मेली नाही?" त्या म्हणाल्या.

"नाही, काकू."

"मग जेवली का ती?"

"तिथे पडदा पडतो. पुढचं लिहिलेलं नाही."

हळूहळू वर्ग उठला. दार कोणीतरी उघडलं. कोणी, ते काकूंनी पाहिलं नाही.

"काकू, सोडू का आता हात?" चष्मेवालीने विचारलं.

"थांब जरा."