कोंबडं गप्प आहे

चिपच्या काळ्या पाठीवरून ॲसिटोनचा बोळा फिरवला तशी वरची छापील अक्षरं गेली आणि खालून आणखी एक फिकट ओळ दिसू लागली. म्हणजे ही फ्लॅश मेमरी आधी कुठल्यातरी मोबाइलमध्ये राबून आली होती.

संजीवनीने अशी ओळ दिवाळीआधीही पाहिली होती. ती जिथे उपकरणं तपासायची त्या अंबरनाथच्या लहान कारखान्याचे मालक धर्मेशभाई यांना तिने तसं सांगितलंही होतं.

"मॅडम, उल्हासनगरचा स्वस्तातला माल आहे, चलता है. तुमच्या टेबलावर पास झाला ना?"

झाला होता. मग ती गप्प बसली, आणि कारखान्यांच्या टाक्या साफ करायला आत उतरणाऱ्या कामगारांच्या खिशांत त्याच चिपची, विषारी वायू आला की भोंगा वाजवणारी उपकरणं गेली.

पण टेबलावर टाकीतला उकाडा नसतो. झिजलेल्या फ्लॅशमधला विद्युतभार उष्णतेने हळूहळू गळतो आणि प्रोग्रॅममधल्या एखाद्या शून्याचा एक होतो. आज भट्टीत तापवून काढलेल्या उपकरणात तेच झालं होतं. पडद्यावरचा आकडा बरोबर, हिरवा दिवा लुकलुकतोय. फक्त भोंगा वाजवणारा भाग बिघडलेला. वायू सोडला तरी ते गप्पच राहिलं.

संध्याकाळी घरी बेलवलीत, तिच्या बिल्डिंगच्या जिन्यात तळमजल्यावरचा प्रज्वल भेटला. टाक्या साफ करायचं काम करणारा. शर्टाच्या खिशाला तेच पिवळं उपकरण.

"काय ताई, तोंड का उतरलंय? कोंबडं आजारी पडलं की काय?"

वायू आला की आरवतं, म्हणून कामगारांनी त्याला ठेवलेलं हे नाव.

"उद्या कुठे काम आहे?"

"एमआयडीसीत. मोठी टाकी आहे. मी आणि आकाश, दोघं एकदम उतरणार."

"दोघं? मग वर दोरी धरून कोण?"

"दोरी कधीच बंद झाली! ठेकेदार बोलला, कोंबडं आहे ना, मग वर बसून फुकटचा पगार कशाला खाता?" त्याने खिशावर टिचकी मारली. "आणि बनवणारी आपलीच ताई. हे गप्प, तर आपण बिनधास्त."

उपकरण चुकलं तरी वर दोरी धरलेला माणूस आहे, असं म्हणत संजीवनीने इतके महिने ढकलले होते. तो माणूस तिच्याच उपकरणाने खाली उतरवला होता.

"ते काढ. माझ्याकडे दे."

"ओ ताई, उद्या लागेल मला."

तिने ते त्याच्या खिशातून स्वतःच काढून घेतलं आणि धर्मेशभाईंना फोन लावला.

"बोला मॅडम. अर्जंट नसेल तर सोमवारी बोलू या का?"

प्रज्वल तिच्याकडे बघत उभा होता. त्याच्यादेखतच ती म्हणाली, "नाही, आत्ताच. आपली सगळी उपकरणं परत मागवायची आहेत, वायू आला तरी ती गप्प राहू शकतात. तुम्ही नाही मागवलीत, तर प्रत्येक टाकीवर जाऊन मी स्वतः काढून घेणार."