ऐंशीच्या वर नाही

वडील, सदानंद, गेले त्याला साडेतीन महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत कश्मिराला सगळ्यांत जास्त राग आला होता तो "काका म्हणायचे" या दोन शब्दांचा.

शब्द अरीबाचे. अरीबा ही सदानंदांच्या मित्राची, जमालुद्दीनची मुलगी; सदानंदांना काका म्हणणारी. सलमाबादला त्यांचं गॅरेज. घर मूळचं रत्नागिरीकडचं. मुलगी जन्मली, शिकली बहरीनमध्ये, पण आजीच्या हाताखाली वाढल्यामुळे मराठी खणखणीत. आठ वर्षांपूर्वी कश्मिराची आई गेली, तेव्हापासून सदानंद दर शुक्रवारी लेकीकडे उम्म अल हस्समला जेवायला यायचे. मग त्यांनी एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली, ती ओढायला इलेक्ट्रिक ट्रक घेतला, आणि त्यांचे शुक्रवार सलमाबादच्या गॅरेजात जाऊ लागले. चाकांवरचं घर विजेवर ओढत चौदाशे किलोमीटरवरच्या, सौदीतल्या अल उलाला न्यायचं, हे त्यांनी डोक्यात घेतलं. सराव म्हणून समुद्रावरचा पूल ओलांडून सौदीत होफूफपर्यंत दोनदा जाऊनही आले. दोन्ही वेळा शेजारी अरीबा, आणि मागच्या सीटवर घोरत जमालुद्दीन. कश्मिराला विचारलं नव्हतं असं नाही. बँकेत ऑडिट होतं. ती म्हणाली होती, "पुढच्या वेळी."

आता दोन्ही गाड्यांच्या कागदांवर तिचं नाव होतं. पंधरा दिवसांपूर्वी अरीबा घरी आली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "ताई, काकांचं अल उला राहिलं. गाड्या मला द्या, मी नेते."

कश्मिरानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मनात मात्र ठरवलं. आधी होफूफला आपण स्वतः नेऊन आणायची. ते जमलं की मान वर करून सांगता येईल, बाबांचं राहिलेलं त्यांची मुलगी पुरं करेल, दुसऱ्या कुणाची गरज नाही. अडचण एकच होती. कॅरॅव्हॅन जोडायची-सोडायची कशी, ते तिला येत नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी अरीबा शेजारच्या सीटवर होती.

"ऐंशीच्या वर नाही हं, ताई. काका म्हणायचे, आपण मागे भिंत बांधून पळतोय हे विसरायचं नाही."

"मला ठाऊक आहेत माझे बाबा."

पुलावर वारा तोंडावर होता. सौदीच्या बाजूला कागद तपासून झाले. चालवण्याची परवानगी मालकाला, म्हणजे एकट्या कश्मिराला. पुढे सरळसोट रस्ता लागला. पाण्याचे टँकर हॉर्न देत बाजूनं निघून जात होते. काटा नव्वदवर गेला. मग शंभरवर.

अरीबा पडद्यावरचे बॅटरीचे आकडे बघत होती. "पाण्याची टाकी भरलीत का?"

"प्रवासाला पाणी लागतं."

"काका रिकामीच ठेवायचे. होफूफला गेल्यावर भरायचे. उगाच शंभर किलो..."

"अरीबा."

"खलास. बोलत नाही."

आणि ती खरंच बोलली नाही. होफूफ पन्नास किलोमीटरवर असताना पडद्यानं सांगितलं, उरलेल्या बॅटरीत तीस किलोमीटर जाल. कश्मिरानं दोनदा वाचलं.

"आता?"

"बोलू?"

"बोल ना बाई!"

"पुढच्या पेट्रोलपंपावर घ्या. मागचं घर तिथं सोडायचं. नुसता ट्रक आरामात पोचेल. तुम्ही जा, चार्ज करा, परत या. मी थांबते."

पंपामागच्या मोकळ्या जागेत अरीबानं सात मिनिटांत कॅरॅव्हॅन सोडवली. चाकांना लाकडी ठोकळे, मग दिव्यांची वायर, मग साखळ्या, मग पुढचं छोटं चाक फिरवत दांडा वर. सगळं झाल्यावर तिनं कॅरॅव्हॅनच्या अंगावर दोनदा थाप मारली. हुबेहूब सदानंदांची थाप. कश्मिरा लहान असताना सायकल ढकलून देण्याआधी ते तिच्या पाठीवर अशीच मारायचे. ती ट्रकमध्ये बसली.

दोन किलोमीटर गेल्यावर तिला किल्ल्यांचा जुडगा दिसला. ट्रक सुरू करायचं कार्ड आणि कॅरॅव्हॅनच्या दाराची किल्ली एकाच कडीत. म्हणजे अरीबा बाहेर, उघड्यावर. आत बाबांचा पलंग, बाबांचा चष्मा, बाबांच्या वासाची चादर.

परत फिरायला पाच मिनिटं लागली असती. बॅटरी कमी आहे, तिनं स्वतःला बजावलं. बॅटरी कमी होती हे खरंच होतं. पण त्या क्षणी तिला बरं वाटलं, हेही खरं होतं.

जाणं, हॉटेलच्या आवारातलं चार्जिंग आणि येणं यांत चार तास गेले. ती परतली तेव्हा अरीबा दाराच्या पायरीवर बसली होती. ओढणी तोंडावर, भुवया धुळीनं पांढऱ्या.

"किल्ली माझ्याकडेच राहिली," कश्मिरा म्हणाली.

"हो."

"फोन करायचास."

"एक किल्ली बंपरच्या आत चिकटवलेली आहे. काकांनीच लावली होती, माझ्यासमोर."

"मग आत का नाही बसलीस?"

"गाडी आता तुमची आहे," अरीबा ओढणी झटकत म्हणाली. "तुम्ही 'बस' म्हणाला नव्हतात."

कश्मिरा शरमेनं खाली बघत राहिली. आणि त्या शरमेतही एक काटा टोचलाच: किल्ली लावताना समोर ही होती.

"मला वाटेतच दिसली होती," ती म्हणाली. "किल्ली. मुद्दाम फिरले नाही."

अरीबानं तिच्याकडे नीट पाहिलं. "चार तास, ताई. पंपावरच्या माणसानं दोनदा विचारलं, तुला टाकून गेले का म्हणून."

"चुकलं माझं."

"चुकलंच." तिनं हातानं ढकलल्यासारखं करत दार दाखवलं. "उघडा. मला तोंड धुवायचंय. पाणी भरलंयत ना शंभर किलो!"

कश्मिराला हसू आलं, ते तिनं गिळलं. जोडताना ठोकळे शेवटी काढायचे की आधी, हे तिनं विचारून घेतलं. शेवटी.

ट्रक रस्त्याला लागला. काटा ऐंशीवर. टँकर पुन्हा हॉर्न देत पुढे जाऊ लागले.

"अल उलाला मीच चालवणार," कश्मिरा म्हणाली. "तू यायचंस."

"अब्बांना मागच्या सीटवर झोपायला मिळणार असेल, तर येऊ."

मग कश्मिरानं रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "चालवताना बाबा बोलायचे?"

"सारखे. तोंड मिटायचं नाही."

कश्मिराबरोबर गाडीत ते नेहमी गप्प असायचे.

"काय बोलायचे?"

"नको. ऐकलंत तर रागानं तुम्ही परत शंभरवर जाल."

कश्मिरानं स्टिअरिंग घट्ट धरलं. "नाही जाणार. सांग."

अरीबा सांगू लागली. होफूफ अजून अठ्ठेचाळीस किलोमीटर होतं.