उलटा टांगलेला पंप

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुमचं पोट सोळा लिटरचं आहे, तुम्हाला एकच लांब हात आहे आणि तुम्ही ज्याच्यावर शिंकाल तो मरतो. जमली कल्पना? मग तुम्ही मला ओळखलंत. मी एक जुना फवारणीचा पंप आहे. माणसाच्या पाठीवर बसून मी आयुष्यभर शेत हिंडलो.

मला आजोबांनी आणलं. तेव्हा मी निळाशार होतो आणि माझी पितळी नळी सोन्यासारखी चमकायची. पहिल्याच दिवशी आजोबांनी पडवीच्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि घरात नियम घालून दिला. पंप वापरणाऱ्याने तो तीन वेळा धुवायचा आणि मगच खिळ्याला उलटा टांगायचा. सरळ ठेवलेला पंप म्हणजे विषारी, उलटा टांगलेला म्हणजे स्वच्छ. त्या घरात 'पंप धुतला का' असं कुणी विचारत नसे. खिळ्याकडे पाहिलं की कळायचं.

मी कामाला फार हुशार होतो. सकाळी फवारलं की दुपारी पानांखाली मेलेल्या किड्यांचा सडा पडलेला असे. त्यात पीक खाणारे किडे असत, त्या किड्यांना खाणारे ठिपकेदार भुंगेरे असत आणि फुलावर आलेल्या मधमाश्याही असत. मला फरक कळत नसे. खरं सांगतो, कळावा असं वाटतही नसे. शेजारी म्हणत, "पंप नव्हे, तोफ आहे तोफ." मी फुगून जायचो. सुरुवातीला एका वाफ्याला माझी एक टाकी पुरायची. काही वर्षांनी तीन लागू लागल्या, कारण जे किडे वाचले ते माझ्याहून चिवट निघाले.

आजोबा थकल्यावर शेत त्यांचा मुलगा पाहू लागला. घरात एक नऊ वर्षांची मुलगी होती. हा मुलगा म्हणजे तिचे बाबा. ती सारखी उड्या मारत चालायची, म्हणून सगळे तिला टुणी म्हणत. तिची आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, एकदा आजोबांना म्हणाली, "बांधापलीकडचा तुकडा मला द्या. विष न घालता पिकवून दाखवते."

"ताई, किड्यांना आमंत्रणपत्रिका छापायच्या का?" बाबा हसले.

आजोबा हसले नाहीत. "तीन हंगाम देतो. तिसऱ्यालाही भरघोस पीक आलं नाही, तर तुकडा भावाला परत. मग रडायचं नाही."

पहिल्या हंगामात आत्याची फजिती झाली. तण गुडघ्यापर्यंत आलं, अळ्यांनी पानांची चाळण केली आणि खुरपून तिच्या हातांची सालं निघाली. बांधाच्या अलीकडे आमच्या टोमॅटोच्या पेट्या भरत होत्या. बाबा मुद्दाम तिच्यासमोरून पेट्या नेत आणि म्हणत, "ताई, भाजीला देऊ का दोन?"

आत्या खाली मान घालून खुरपत राही. तिने जमिनीवर पालापाचोळा अंथरला, बांधावर फुलझाडं लावली आणि एकाच पिकाऐवजी घेवडा, भोपळा अशी पिकं आलटूनपालटून घेतली. दुसऱ्या हंगामात एक जोराची सर आली. आमच्या बाजूचं पाणी माती घेऊन गढूळ होऊन पाटात पळालं. तिच्या बाजूचं पाणी जमीन गटागट प्यायली. टुणीने दोन्हीकडे फावडं मारून पाहिलं. आत्याच्या एका फावड्यात अकरा गांडुळं निघाली. आमच्या मातीचं नुसतं ढेकूळ निघालं, विटेसारखं. आणि तिसऱ्या हंगामात आत्याचा घेवडा फुलांनी असा लगडला, की मधमाश्यांचा आवाज माझ्या खिळ्यापर्यंत यायचा. आजोबा काठी टेकत रोज बांधापर्यंत जाऊ लागले.

तेव्हा बाबांचं हसणं थांबलं.

त्याच आठवड्यात बाबांनी मक्यात तणनाशक मारायला घेतलं. हे औषध मक्याला काही करत नाही, रुंद पानाचं मात्र, मग तो घेवडा असो की टोमॅटो, काहीही जगू देत नाही. अर्धा मका झाला. बाबांना भूक लागली होती. त्यांनी मला एकदाच विसळलं, ते पाणी पाटात ओतलं आणि मला खिळ्याला उलटा टांगलं.

पाटाच्या खालच्या अंगाला टुणी बसली होती. बरणीत बेडकाची पिल्लं गोळा करत होती. तिने ते एकदाच विसळणं पाहिलं. संध्याकाळपर्यंत बरणीतली सगळी पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी आत्याने घेवड्यावरच्या मावा नावाच्या किडीसाठी कडू पाल्याचा अर्क उकळला. पडवीत आली, खिळ्याकडे पाहिलं आणि मला काढलं. मी ओरडू शकत नाही. माझ्या तळात, गाळणीत, नळीत ते औषध होतं आणि मी तिच्या पाठीवर मुकाट बसलो. तिने बावीस ओळी फवारल्या. एकही पान सोडलं नाही. मग मला तीन वेळा धुतलं आणि उलटा टांगलं.

पाचव्या दिवशी सकाळी बाबांनी उरलेला मका फवारला. टुणीच्या देखत पुन्हा एकदाच विसळून मला उलटा टांगलं. तेवढ्यात शेतातून आत्याची हाक आली.

घेवड्याचे शेंडे दोरासारखे पिळवटले होते. पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. बाबांनी वेल पाहिले आणि त्यांची नजर सरळ पडवीकडे, माझ्याकडे वळली. त्यांना कळलं. मक्यातलं तण असंच पिळवटून मरतं, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. तरीही ते आजोबांना म्हणाले, "बघा अप्पा. निसर्ग, निसर्ग करत होती. निसर्गानेच मान मुरगाळली."

"पंप धुतला होतास ना?" आत्याने विचारलं.

"खिळ्यावर उलटाच होता की. तूच काढलास."

"उलटा होता?" आजोबांनी तिला विचारलं.

आत्या खोटं बोलत नसे. "होता."

"मग संपलं," आजोबा म्हणाले. "तुकडा त्याचा."

"एकदाच धुतला होता," टुणी म्हणाली. "त्या दिवशीही आणि आजही. माझी पिल्लं मेली."

"मोठ्यांमध्ये तोंड घालायचं नाही. तीनदा धुतला, दोन्ही वेळा. आणि बेडूक मरतातच," बाबा तिच्यावर खेकसले.

आत्या मेलेल्या वेलांत खाली बसली.

मित्रांनो, अशा गोष्टीत शेवटी मी सांगायला हवं, की औजारं नीट धुवा, जपून वापरा. मला ते सांगवत नाही. मला तीनदा धुतलं, तरी ते पाणी कुठेतरी ओतावंच लागतं, आणि जिथे कुणी राहत नाही असा पाट मी अजून पाहिलेला नाही.

टुणी पडवीत आली. स्टुलावर चढून तिने मला काढलं. माठातलं पिण्याचं पाणी तांब्याने माझ्यात ओतलं, झाकण आवळलं आणि मला ओढत ओढत बाबांच्या टोमॅटोत नेलं. झाडं फळांनी वाकली होती. परवा तोडणी होती.

"ए, काय करतेस?" बाबा धावले.

"नुसतं पाणी मारते. माठातलं आहे."

आजोबांनी काठी आडवी धरली. "मारू दे की. धुतलेला पंप आहे."

बाबांनी काठीवरून हात पुढे केला. "नाही, म्हणजे... आधी जरा..." एवढं बोलून ते थांबले. पुढचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.

टुणीने तो शब्द ऐकायला थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने माझी नळी पहिल्या झाडावर धरली आणि दांडा खाली दाबला.